आम्हांला सुतक नाही

आमच्या घराण्याचा इतिहास वर्षातून एकदा, खंडेनवमीला, मोठ्यानं म्हटला जायचा. ओरत्तनाडूच्या पुढं, कालव्याला लागून असलेल्या गावात आमचं मोठं घर होतं. त्या दिवशी मधल्या चौकात जुन्या तलवारी, भाले आणि एक गंजलेली बंदूक मांडून त्यांना चंदनकुंकू लावलं जाई. मग माझे थोरले काका फेटा बांधून उभे राहत. त्यांना सगळे काकासाहेब म्हणत. पुरुष समोर बसत, बायका चिकाच्या पडद्याआड, आणि जमीन कसणारी कुळं बाहेरच्या अंगणात हात बांधून उभी.

काकासाहेबांचा आवाज खर्जातला होता. आम्ही राजपूत. आमचा मूळ पुरुष राजपुतान्यातल्या एका जहागीरदाराचा धाकटा मुलगा होता. थोरल्या भावानं त्याचा वाटा बळकावला, म्हणून तो एका घोड्यावर, मागं बायकोला बसवून, दक्षिणेकडं निघाला आणि तंजावरच्या मराठा राजाच्या घोडदळात चाकरीला लागला. राजानं त्याला कालव्याकाठची जमीन दिली. पुढं त्याच्या नातवाचा कुणीतरी दगा करून खून केला. तेव्हा त्या नातवाच्या भावानं नाव बदलून मारेकऱ्याच्याच पागेत घोड्यांना खरारा करायची नोकरी धरली, आणि संधी येईपर्यंत त्याच्या घोड्यांची लीद काढत राहिला. एके दिवशी संधी आली. हा भाग सांगताना काकासाहेब मुद्दाम हळू बोलत. शेवटी पिढ्यांची नावं ओळीनं येत, आजोबांचं, मग काकासाहेबांचं स्वतःचं, मग माझ्या वडिलांचं, अप्पांचं. आणि ते म्हणत, "आपण विसरत नाही."

मला त्या वयात यातलं सगळं खरं वाटे. आम्ही घरात मराठी बोलायचो, बाहेर तमिळ. राजपुतान्याचं म्हणून आमच्याकडं उरलं होतं ते एवढंच, ही नावं आणि बायकांचा घुंघट. घुंघटाचा नियम मात्र कडक. धाकट्या भावाच्या बायकोनं थोरल्या दिरापुढं तोंड दाखवायचं नाही आणि त्याच्याशी थेट बोलायचंही नाही. आई वेल्लूरच्या बाजूच्या आमच्याच जातीच्या एका गरीब घरातली होती. तिला काकासाहेबांना काही सांगायचं असलं तर ती मला हाताशी धरून म्हणे, "त्यांना सांग." आणि मी हातभर अंतरावर बसलेल्या काकासाहेबांना तेच पुन्हा सांगत असे.

अप्पा काकासाहेबांचे धाकटे सख्खे भाऊ. जमीन दोघांची, पण चाव्या थोरल्यांच्या कमरेला. अप्पांनी कधी काही मागितलं तर "बघू" असं उत्तर यायचं. त्यांना यंत्रांचं वेड होतं. गावावरून तंजावर ते पट्टुकोट्टै अशी खाजगी बस जायची. अप्पा आधी तिच्या ड्रायव्हरशी गप्पा मारत, मग बिघडली की हात काळे करत, आणि एक दिवस त्यांनी सरळ त्या बसवर कंडक्टरची नोकरी धरली. खाकी सदरा, गळ्यात कातडी पिशवी, तोंडात शिटी. असे खुश असलेले अप्पा मी त्याआधी पाहिले नव्हते.

काकासाहेबांना ते सहन झालं नाही. "आपली कुळं बसतात आणि तू उभा राहतोस?" ते म्हणाले.

"बसलेल्यांना तिकीट द्यायला उभंच राहावं लागतं, दादा," अप्पा हसत म्हणाले.

ते हसणं फार महाग पडलं. त्या वर्षी खंडेनवमीला अप्पांना यायला उशीर झाला, कारण त्याच दिवशी बसच्या शेडमध्येही आयुधपूजा होती. बसला झेंडूच्या माळा घालून, चाकांखाली लिंबं फोडून ते तसेच खाकी सदऱ्यात, कपाळाला विभूती लावून चौकात आले. काकासाहेबांचा पाठ चालू होता. आजोबांचं नाव आलं, त्यांचं स्वतःचं नाव आलं, आणि ते थांबले.

अप्पा म्हणाले, "दादा, एक नाव राहिलं."

"राहिलं नाही. गाळलं."

पडद्याआड आईनं माझा दंड इतका घट्ट धरला की तिच्या बोटांचे वळ उठले. अप्पांनी वाकून तलवारींना नमस्कार केला, आणि त्याच संध्याकाळी आम्ही तिघं एका ट्रंकेसह अप्पांच्या बसनं तंजावरला आलो. मेल वीथी नावाच्या रस्त्यामागच्या एका गल्लीत दोन खोल्या भाड्यानं घेतल्या.

तिथले दिवस चांगले गेले, पण थोडेच. अप्पांना कावीळ झाली. पाल्याचं औषध झालं, मग इस्पितळ झालं. मी अकरा वर्षांची असेन. ते गेले त्या सकाळी आईनं बसबरोबर गावी निरोप पाठवला. तिची खात्री होती की भांडण कसलंही असो, खांदा द्यायला सख्खा भाऊ येणार.

दुपारी ती बस परतली. म्हातारा ड्रायव्हर आमच्या दारात उभा राहिला आणि बोलेचना. शेवटी आईनं माझ्याकडून विचारवलं. तो म्हणाला, मोठ्या घरी मांडव घातलाय, काकासाहेबांच्या मुलीचा साखरपुडा आहे, नागस्वरम् वाजतंय. निरोप दिल्यावर काकासाहेबांनी वाजंत्र्यांना थांबू दिलं नाही. म्हणाले, "आम्हांला सुतक नाही. ज्याला भाऊच नाही त्याला सुतक कुठलं?"

आईनं त्याला ते पुन्हा सांगायला लावलं. शब्द न् शब्द. मग ती माझ्याकडं वळून म्हणाली, "ऐकलंस ना? नीट ध्यानात ठेव."

अप्पांना वडवार नदीच्या काठावर नेलं ते बसच्या लोकांनी. अग्नी दिला त्या म्हाताऱ्या ड्रायव्हरनं. मुलींनी तिकडं जायचं नसतं म्हणून मी तिण्णैवर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर बसून राहिले. मला रडू येत होतं, पण रडण्याच्या खाली दुसरंच काहीतरी होतं. काकासाहेबांच्या चौकातल्या तलवारींपैकी सर्वांत लांब तलवार कुठली, हे मी मनात आठवत होते.

पुढची वर्षं आईनं डबे करून काढली. बसस्टँडवरचे ड्रायव्हर आणि कंडक्टर आमच्याकडून जेवण नेत. सांबारभात, चिंचेचा भात, दहीभात. घुंघट घेतलेली बाई चुलीपुढं, आणि डबे द्यायला मी. आई कधी काकासाहेबांना शिव्या देत नसे, कुणी त्यांची निंदा केली तर विषय बदलत असे. मला राग येई. एकदा मी चिडून म्हटलं, "तुला काहीच वाटत नाही का?"

ती फोडणी देत होती. तेलात मोहरी तडतडली तशी ती म्हणाली, "बोलून वाटणं कमी होतं. मला कमी करायचं नाही."

मी अठरा-एकोणीस वर्षांची झाले तेव्हा जिकडं तिकडं एकच विषय होता, जमिनीचा नवा कायदा. एका कुटुंबानं अमुक इतकीच जमीन ठेवायची, बाकीची सरकार घेणार. मोठ्या जमीनदारांची धावपळ सुरू झाली. ज्याच्या त्याच्या मावश्या, जावई, दूरचे भाचे एकदम जमिनीचे मालक होऊ लागले. डबे न्यायला येणारे कंडक्टर रोज कुणाची तरी गंमत सांगत. आई ऐकत असे. एकदा डबा भरता भरता ती थांबली आणि तिनं त्या कंडक्टरला हे नावावर करण्याचं प्रकरण पुन्हा नीट समजावून सांगायला लावलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी काकासाहेब आले. शुभ्र धोतर, खांद्यावर जरीचं उपरणं, हातात छत्री. गल्लीत पोरं जमली. ते तिण्णैवर बसले. आई आत दाराआड उभी राहिली आणि मी उंबऱ्यात.

"पोरी, तुझ्या आईला सांग, यायला उशीर झाला, पण घरचंच माणूस आहे."

आतून आवाज आला, "काय काम आहे विचार."

त्यांनी घसा साफ केला. "सांग, सरकार घराण्याची जमीन तोडायला निघालंय. वकिलांनी सुचवलंय की तुझ्या अप्पांच्या वाटणीची म्हणून कालव्याकाठची रानं तुम्हां दोघींच्या नावे करावीत. वाटणी पूर्वीच झाली होती असं दाखवायचं. नुसतं कागदावर. कसणं, कापणं मी बघेन. वर्षाला तुम्हांला तांदूळ येत जाईल."

"कुणाच्या वाटणीची, विचार."

"तुझ्या अप्पांच्या."

"ते यांचे कोण, विचार."

काकासाहेबांनी छत्रीची मूठ फिरवली. गल्लीतल्या पोरांकडं बघितलं. मी उंबऱ्यात तशीच उभी राहिले. मला घाई नव्हती.

"भाऊ," ते म्हणाले.

मला वाटलं, आई आता अंगारासारखं काही बोलेल, आणि हा माणूस मान खाली घालून गल्लीतून निघून जाईल. मी त्याचीच वाट बघत होते. पण ती म्हणाली, "सांग, सही करते. एक अट आहे. येत्या खंडेनवमीला नावं घेताना त्यांचं नाव घ्यायचं. सगळ्यांसमोर. मग सही."

काकासाहेबांचा चेहरा एकदम मोकळा झाला. एवढंच? ते चहासुद्धा पिऊन गेले.

ते वळणावर दिसेनासे झाल्यावर मी आईच्या अंगावर ओरडले. "एका नावासाठी? त्यांनी वाजंत्री थांबवली नाहीत, आणि तू त्यांची जमीन वाचवणार?"

आईनं त्यांचा पेला उचलून विसळला. "आधी नाव येऊ दे," एवढंच म्हणाली.

खंडेनवमीला आम्ही त्या घरात पुन्हा गेलो. चौक तोच, चिकाचा पडदा तोच, फक्त बंदूक आणखी गंजली होती. काकासाहेबांनी पाठ म्हटला. घोडा, राजा, कालवा, पागेतली लीद, सगळं आलं. आजोबांचं नाव आलं, त्यांचं आलं. मग त्यांनी अप्पांचं नाव घेतलं. भरभर, जिभेवरून ढकलून दिल्यासारखं. तरी सगळ्यांना ऐकू गेलं. बाहेरच्या अंगणात एका म्हाताऱ्या कुळानं डोळ्यांना उपरणं लावलं. अप्पांनी त्याला कितीदा तरी गाडीत हात देऊन चढवलं होतं. पडद्याआड आईचं तोंड मला दिसत होतं. त्यावर काहीच नव्हतं. ड्रायव्हरला ते सुतकाचं वाक्य पुन्हा म्हणायला लावताना तिचा चेहरा असाच होता.

मग ओरत्तनाडूच्या कचेरीत कागद झाला. कारकुनानं तो तमिळमध्ये वाचून दाखवला, की दोघे सख्खे भाऊ, दोघांत फार प्रेम, आणि त्यांनी पूर्वीच सलोख्यानं जमीन वाटून घेतली. 'सलोख्यानं' हा शब्द आला तेव्हा घुंघटाच्या आत आई हसली. फक्त मला कळलं, कारण तिचा खांदा माझ्या खांद्याला टेकलेला होता. रजिस्ट्रार साहेबांनी काकासाहेबांना विचारलं, हे सगळं खरं ना? काकासाहेब ठासून म्हणाले, "अक्षरन् अक्षर खरं." आईनं तमिळमध्ये सही केली, माझीही झाली.

पोंगल झाला आणि कापणी सुरू झाली. एका सकाळी आई लवकर उठली. तिनं त्या दिवशी डबे केले नाहीत. "चल," म्हणाली. आम्ही पट्टुकोट्टैची बस धरली आणि गावाच्या अलीकडं, कालव्याच्या पुलाशी उतरलो. आमच्या नावच्या रानात कापणी झाली होती आणि खळ्यावर पेंढ्या झोडपणं चालू होतं. तेच म्हातारं कूळ तिथं होतं, त्याची मुलं होती, सुना होत्या. आई खळ्याच्या कडेला नारळाच्या सावलीत जाऊन बसली.

"चिन्नम्मा?" म्हातारा गोंधळला. धाकट्या बाईसाहेबांना कुळं असं म्हणत.

"तुमचा वाटा आधी काढून घ्या," आई त्याला तमिळमध्ये म्हणाली. "मोठ्या मालकांच्या वेळेला काढत होतात त्याहून जास्त काढा. उरलेलं माझं, भाड्याची गाडी सांगितलीय. मोठ्या घरी एक दाणा जाणार नाही. जमीन माझी आहे, साहेबांसमोर कागद झालाय."

म्हाताऱ्यानं मुलांना हाक मारली, आणि मापं भरायला सुरुवात झाली.

मोठ्या घरी कुणीतरी पळत गेलं असणार. थोड्या वेळात काकासाहेबांची बैलगाडी आली. ते उतरले, मापं बघितली, भरलेली पोती बघितली, आणि नेहमीसारखे माझ्याकडं वळले. "पोरी, तुझ्या आईला सांग, हे तिचं काम नाही. घरी जा म्हणावं."

आई उठली. तिनं घुंघट मागं सारला, पार केसांपर्यंत. कुंकू नसलेलं तिचं कपाळ उन्हात आलं.

"भावजी, पोरीला कशाला मध्ये घालता? मला सांगा."

काकासाहेब अक्षरशः एक पाऊल मागं सरले. या बाईचा आवाज त्यांना कधीच थेट आला नव्हता. खळ्यावरच्या बायका झोडपायच्या थांबल्या.

"कागद नावापुरता होता," ते कसेबसे म्हणाले. "आपलं ठरलं होतं."

"कचेरीत साहेबांनी विचारलं तेव्हा तुम्ही असं म्हणाला नाहीत. अक्षरन् अक्षर खरं, असं म्हणालात."

"मी कोर्टात जाईन."

"जा ना. मीही येते. काय सांगाल तिथं? मला भाऊच नव्हता म्हणून सांगाल? का सरकारपासून जमीन लपवली म्हणून सांगाल? यातलं कुठलंही सांगा, तुमची उरलेलीही जाईल."

त्यांचा चेहरा लाल झाला. "सूड घेतेस? या घराची सून असून?"

"सून आहे म्हणूनच," आई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "आपण विसरत नाही, असं दर वर्षी तुम्हीच सांगता. तुम्हांला काय वाटलं, पडद्याआड बायका नुसत्या बसलेल्या असतात? मी प्रत्येक शब्द ऐकलाय. तो माणूस मारेकऱ्याकडं लीद काढत राहिला ना? मीही डबे भरत राहिले."

काकासाहेबांनी शेजारचं माप लाथेनं उडवलं. भात पसरलं. कुणीच वाकलं नाही. मग म्हाताऱ्या कुळाची सून पुढं आली आणि त्यांच्या पायाशी बसून, त्यांच्याकडं न बघता, ते भात सुपात गोळा करू लागली. त्यांना बाजूला व्हावं लागलं. ते गाडीत चढले आणि गेले.

मला त्यांची दया आली नाही. ती यायला हवी होती असं पुढं मला बऱ्याच जणांनी सांगितलं. मला तर ते गाडीत चढताना अडखळले असते तर बरं वाटलं असतं. ते अडखळले नाहीत, ताठ बसून गेले, एवढीच त्या दिवसात कमी राहिली.

आईचं पाहून बाकीचेही शहाणे झाले. काकासाहेबांनी जावयाच्या नावे केलेली रानं जावयानं परत केली नाहीत. मद्रासच्या एका आतेभावानं तर त्याच्या नावचं रान परस्पर विकून टाकलं. प्रत्येकाकडं तसाच कागद होता, आणि कुणाहीविरुद्ध काकासाहेबांना तोंड उघडता येत नव्हतं. आधी त्यांची गाडी गेली, मग बैल, मग नवमीला माणसं येईनाशी झाली. शेवटी ते एकटेच फेटा बांधून तलवारींसमोर पाठ म्हणत, असं ऐकलं. तेव्हा ते अप्पांचं नाव घेत की नाही, कळलं नाही.

काकी आमच्याकडं आली ती त्या सुमाराला. काकासाहेबांची बायको. त्या घरात तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. एका दुपारी ती एकटीच बसनं आली आणि आईजवळ जमिनीवर बसली. आई चिंच सोलत होती. काकीनंही न विचारता मूठभर चिंच पुढ्यात ओढली आणि चिंचोके काढू लागली.

मग काकी म्हणाली, "ते धड जेवत नाहीत. खिडकीतून कालव्याकडं बघत बसतात. सगळं नको. घरासमोरचा तेवढा तुकडा परत कर. त्यांना समोर आपलं भात दिसलं तरी पुरे."

आई उठली. तिनं काकीला पान मांडलं. भात, सांबार, वांग्याची भाजी, पापडासारखं अप्पळम, वर गोड पायसम. आग्रह करकरून वाढलं. जेवल्यावर सवाष्णीला करतात तसं सगळं मला करायला लावलं, हळदकुंकू, मोगऱ्याचा गजरा, ओटीत नारळ, ब्लाउजपीस आणि मूठ मूठ नवे तांदूळ. तांदूळ कालव्याकाठचे होते. काकीनं ते पदरात घेताना ओळखले.

"बाई, तुमच्यावर माझा राग नाही," आई तिला म्हणाली. "तुम्ही केव्हाही या. जेवून जा. जमीन मागू नका."

काकी उठली. मी तिला कोपऱ्यापर्यंत पोचवून आले. ती ओटी सांभाळत हळूहळू बसस्टँडकडं गेली. परत आले तेव्हा अंधारून येत होतं आणि आई पुन्हा चिंचेपुढं बसली होती. मी उंबऱ्यातच थांबले.

"तेवढा तुकडा दिला असता तर?" मी विचारलं.

आईनं वर बघितलं. "तुला द्यायचाय? अर्धं तुझंही आहे. देतेस?"

मी विचार केला. खरंच केला. खिडकीत बसलेला तो माणूस डोळ्यांसमोर आणून बघितला.

"नाही," मी म्हटलं.

"मग दार लाव," आई म्हणाली. "डास येताहेत."